सत्ताविसावी स्लाइड

सभागृहाची किल्ली माझ्याकडे असते, पोरी,
आणि प्रोजेक्टरचा रिमोट, ज्याचं झाकण चिकटपट्टीनं धरलंय.
एकवीस वर्षं येणाऱ्याजाणाऱ्यांच्या स्लाइड्स मी मागून पाहतोय,
शेगडीत लाकूड सारता सारता.
बियाणंवाले, दंतवैद्य, धरणवाले,
आणि दर हिवाळ्यात सान्तियागोहून कुणीतरी ज्वालामुखीवाला.
या वर्षी तू. आयलीन म्हणालीस ना?
बस. मातेचा घोट घे. उद्याचं दाखव.

बेचाळीस?
बरं.

ही पहिली. तुमच्या संस्थेची तीन बोधचिन्हं,
सरकारचं चौथं,
आणि डोंगर कोपऱ्यात अंग चोरून उभा.
त्याला अख्खी भिंत दे.
इथं सगळे त्याला रोज बघतात, तरी
तो भिंतीवर आला की खुर्च्यांची करकर थांबते.

ही अक्षरं आहेत की मुंग्यांची रांग?
ऊठ, शेवटच्या बाकावर जाऊन बस,
जिथं दोन्या एदुविहेस बसते, मांडीवर विणकाम,
चष्मा घरी विसरून.
वाच आता.
तिलाही नाही येणार वाचता. आणि ती विचारणार नाही,
नुसती मान डोलवेल.
भांडणाऱ्यांना भिऊ नकोस. मान डोलवणाऱ्यांना भी.

लाल धोक्याचा, हिरवा सुटकेचा, ठीक,
पण लाकूडतोड्या ओनोफ्रेला दोन्ही मातकटच दिसतात.
लालवर तिरप्या रेघा ओढ. हिरव्याचा निळा कर.
या आलेखात सात रेघांचा गुंता झालाय,
एक ठेव, सहा तुझ्या सरांना दाखव.
आणि हा बाण गिरक्या घेत येतो,
त्याला म्हणावं, जत्रा फेब्रुवारीत असते.

भिंतीवर लिहिलंयस तेच वाचणार असशील
तर कागद वाट आणि घरी जा.
लोकांना डोळे आहेत.

"मग सगळंच काढू का?"
ती वैतागली होती. चार महिने खपली होती त्यावर.
मी लाकूड सारलं. ओलं होतं, सुसू करत राहिलं.
मग सांगितलं.

नऊ वर्षांमागे, याच भिंतीवर,
भला माणूस, चांगला कोट, बत्तीस स्लाइड्स.
आधी खडकांचे प्रकार, मग इतिहास, मग उपग्रह.
डोंगर उठला तर कुठल्या पुलावर पाय ठेवायचा नाही
ते सत्ताविसाव्या स्लाइडवर होतं.
माझा भाऊ चोविसाव्याला उठला.
गाईंच्या धारेची वेळ झाली होती.

आयलीन काही बोलली नाही.
तिनं खालून कुठूनतरी पूल उचलला
आणि वर ओढत ओढत नेऊन
डोंगराच्याही आधी ठेवला.
कळस आधी, पाया मागून.
गवंडी हसतील, हसू देत.

साडेअकराला अकरा उरल्या.
एक प्रत पेनड्राइव्हवर घेतली, एक तिनं स्वतःलाच ईमेल केली,
फॉन्ट साधा लावला, कारण इथला संगणक म्हातारा,
अनोळखी अक्षर दिसलं की चौकोन मांडून बसतो.
केबलचं तोंड बसत नव्हतं.
माझ्या खणात जुनं अडॅप्टर होतं,
त्याच कोटवाल्यानं विसरलेलं.

दुसऱ्या दिवशी ओल्या पोंचोंचा वास, साठ-सत्तर माणसं.
तिचा आवाज पहिल्या दोन वाक्यांना कापला, मग लागला.
तिसऱ्या स्लाइडला दोन्या एदुविहेसनं विणकाम थांबवलं:
"आणि माझी मेंढरं?"
मेंढरांची स्लाइड नव्हती.
मला वाटलं आता ही मागेपुढे चाळत बसणार.
तिनं बीचं बटण दाबलं, भिंत काळी झाली,
आणि ती चालत थेट शेवटच्या बाकापाशी आली.
"किती आहेत?" म्हणाली.
हे मी शिकवलं नव्हतं.

पाचव्याला सालुस्तिओचा पोरगा उठला. टोपी चढवली.
मी दारात आडवा झालो: कुठं?
"धारेला."
पूल?
"जुना नाही. वरच्या अंगाचा, लोखंडी.
पहिल्यालाच सांगितलं की तिनं,"
असं म्हणून मला बाजूला सारून गेला.